बायोला कोण ठेवून घेईल

गोव्याहून परत आलं की कोल्हापुरात सगळे एकच विचारतात, कुठल्या बीचवर गेला होता. या खेपेला मी समुद्र पाहिलाच नाही. पेडणे पाहिलं, डिचोली आणि फोंडा दोन-दोनदा पाहिलं, आणि मधले रस्ते एका भल्यामोठ्या कुत्रीला गाडीत घालून पालथे घातले. तिला कायमचं घर मिळावं म्हणून आम्ही दोघी बहिणी फिरत होतो. त्या फिरण्याची ही हकिकत.

पेडणे

माझी थोरली बहीण नंदाताई लग्न होऊन पेडणे तालुक्यातल्या एका खेड्यात गेली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. दाजी वारल्यापासून ती त्या घरात एकटी राहते. मुलगा संदेश वास्कोला बंदरात नोकरी करतो, बायकामुलांसह तिकडेच फ्लॅटमध्ये असतो. गेल्या काजूच्या मोसमात त्याचाच मला फोन आला. ताई अंगणाच्या पायरीवरून पडली होती, उजवा हात मनगटात मोडला होता.

"मावशी, आता तिला मी एकटी ठेवत नाही," तो म्हणाला. "पण ती कुत्रीपायी हलायला तयार नाही. तू येऊन काहीतरी कर."

माझे यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले आहेत. मुलीला त्यांच्यापाशी बसवलं आणि मी आमची जुनी व्हॅन काढली. आमचा मसाल्यांचा धंदा, दुकानोदुकानी माल पोचवायला या व्हॅनची मागची सीट केव्हाच काढून टाकलेली. आंबोलीचा घाट उतरून, बांद्यावरून पत्रादेवीच्या नाक्यातून मी गोव्यात शिरले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकल्या काजूबोंडांचा आंबूस वास सुटला होता.

ताई सोप्यावर बसली होती. एक हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला, दुसरा कुत्रीच्या डोक्यावर. कुत्री उभी राहिली तेव्हा माझ्या कमरेच्या वर आली. ग्रेट डेन जातीची, रंगानं भिजल्या राखेसारखी, बरगड्या मोजता येतील अशी. गळ्याभोवती केस झडून गेलेला एक पट्टा होता. तिनं माझा हात हुंगला आणि चारपाच वेळा शिंकली. आमच्या कांदा-लसूण मसाल्याचा वास हाताला कायमचा बसलेला.

"बायो," ताई तिला म्हणाली, "ही माझी बहीण गो. शालन."

बायो म्हणजे त्या भागात लाडक्या मुलीला मारायची हाक. तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नाही. ताईच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, एक बंगला बाहेरून आलेल्या लोकांनी भाड्यानं घेतला होता. एक दिवस ते सामान भरून निघून गेले. कुत्री मागच्या फणसाला साखळीनं बांधलेली राहिली, पुढ्यात पाण्याची एक बाल्दी. ती भुंकतच नाही, त्यामुळे कोणाला कळलं नाही. काही दिवसांनी ताई पडलेला फणस बघायला म्हणून मागे गेली तेव्हा बाल्दी कोरडी होती आणि कुत्री आडवी पडलेली. ताईनं शेजाऱ्याच्या मदतीनं तिला हातगाडीवर घालून घरी आणलं, महिनाभर पेज आणि माशांचं कालवण भरवून उभी केली. आणि पायावर उभी राहिलेल्या त्या कुत्रीनंच एका सकाळी आनंदाच्या भरात ताईच्या छातीवर पाय ठेवले. हात मोडला तो असा.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो. आमच्याकडे पाव म्हणजे मिसळीबरोबर खायचा. तिथे दिवसच त्याच्यावर उगवतो. ताईनं आळसांद्याचं तोणाक केलं होतं, म्हणजे ओल्या नारळाच्या वाटपातली चवळीसारख्या कडधान्याची भाजी, आणि त्यात बुडवून खायला उंडे, म्हणजे कडक कवचाचे गोल पाव. नारळाच्या कालवणात मला कोल्हापूरचं तिखट आठवतं, पण हे मी दोन वेळा वाढून घेतलं. शेवटचा उंडो बायोचा. तो ती दोन पायांच्या मध्ये धरून, घाई न करता, चुरा न सांडता खायची.

खाणं झाल्यावर आम्ही फोनाला बसलो. प्राणी सांभाळणाऱ्या जेवढ्या जागांचे नंबर ताईच्या शेजाऱ्यांनी मिळवून दिले, त्या सगळ्या भरलेल्या होत्या. एका ठिकाणची मुलगी फार चांगलं बोलली. म्हणाली, "आजी, लहान पिल्लं लोक नेतात. मोठ्या जातीची येतात ती आमच्याकडेच म्हातारी होतात. तुमच्या कुत्रीला इथे आणलंत तर पिंजऱ्यात राहील, तेही जागा झाल्यावर." ताईनं फोन माझ्या हातात दिला आणि उठून आत गेली.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही बायोला घेऊन राऊत नावाच्या बागायतदाराकडे गेलो. डोंगराच्या उताराला त्यांची काजूची बाग, मधे दगडी घर. बायोला पाहून त्यांचे डोळे चमकले.

"भुकता काय?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, "नाही भुंकत."

राऊतांना ते पटलं नाही. त्यांनी पाय आपटला, टाळ्या वाजवल्या, शेवटी कोपऱ्यातली काठी उचलली. काठी बघताच बायो ताईच्या पाठीमागे जाऊन बसली. एवढं मोठं धूड ताईच्या लुगड्याआड मावेना, तरी ती मान खाली घालून लपायचा प्रयत्न करत होती. राऊतांनी काठी लगेच खाली ठेवली. वाईट माणूस नव्हता.

"कुत्रो बरो असा," ते म्हणाले. "पण भुकत नाय तर चोर इल्लो माका कळतलो कसो? पिल्लां तरी होतली?"

ताईनं तिला दाखवलं होतं त्या म्हापशाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिचं नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालेलं आहे. तेही ताईनं सांगितलं. राऊतांनी आम्हाला काजूची बोंडं टोपलीभर दिली, कोकमाचं सरबत पाजलं, गेटापर्यंत पोचवायला आले. कुत्रीचा विषय पुन्हा काढला नाही.

डिचोली

दुसऱ्या दिवशी डिचोली. कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशावरून आम्ही भर दुपारी पोचलो, आणि तिथेच चूक झाली. गोव्यात दुपारी दुकानं बंद होतात. आमच्याकडे दुकानदार गल्ल्यावरच डुलकी काढतो. इथे शटर ओढून रीतसर झोपायला घरी जातो. ज्यांच्याकडे जायचं ते परब फोन उचलत नव्हते. व्हॅनचा पत्रा तापलेला, बायोची जीभ हातभर बाहेर. अखेर एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर झाडाच्या सावलीत आम्ही तिघी बसलो. समोरच्या घरातली बाई दार उघडून बघून गेली आणि काही न विचारता पाण्याचं घंगाळ आणून ठेवून गेली. बायोनं ते रिकामं केलं.

ऊन कलल्यावर परबांचा फोन आला. मूळचे दोडामार्गकडचे, तरुणपणी खाणीवर ट्रक चालवायला आले आणि पुढे स्वतःचे दोन ट्रक घेतले. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक उभे राहिले ते राहिलेच. गावाबाहेर त्यांचं आवार आहे. तारेचं कुंपण, लाल माती, गंजलेले टिपर, आणि एका पत्र्याखाली ते स्वतः राहतात. लोकांच्या गाड्या दुरुस्त करून पोट भरतात. बायको-मुलं गावी. साठीचा, बारका, कमी बोलणारा माणूस. कोणी रात्री येऊन ट्रकांचे भाग काढून नेतं म्हणून त्यांना कुत्रा हवा होता.

बायो भुंकत नाही हे मी आधीच सांगून टाकलं.

"भुकाक कित्याक व्हयी?" परब म्हणाले. "इतक्या मोठ्या कुत्र्याक बघूनच मनीस पळतलो."

ते खाली बसले आणि हात पुढे न करता तसेच थांबले. बायो जवळ गेली, त्यांचा तेलकट शर्ट हुंगला. मला वाटलं, झालं. तेवढ्यात ताईनं विचारलं, "मोकळी ठेवाल ना?"

"खोटा सांगणंय नाय," परब म्हणाले. "बांधून ठेवतलंय. कुंपण मोडलेला असा. सुटली तर रस्त्यार जातली, आणि रस्त्यार दीसभर ट्रक धावतत. खावक घालतलंय. मारूचंय नाय. पण बांधून."

ताई बायोच्या गळ्यावरच्या त्या झडलेल्या पट्ट्यावरून बोटं फिरवत होती. "साखळीतून सोडवलेली आहे तिला," ती म्हणाली. "परत साखळीला नाही देणार."

परबांनी मान हलवली. "तुमचा बरोबर असा," म्हणाले आणि टिपराखाली सरकून कामाला लागले.

परतताना मी ताईला बोलले. म्हटलं, माणूस चांगला होता, खरं बोलला, आपल्याला याहून चांगलं कोण मिळणार. ताई म्हणाली, "मिळेल." मागे बायो शिंकत होती.

फोंडा

आणि मिळालंही. दाजींच्या ओळखीचे सावईकर काका फोंड्याजवळ राहतात. निवृत्त मास्तर, देवळात वर्षानुवर्षं पोथी वाचतात. त्यांचा म्हातारा कुत्रा मागच्या वर्षी गेला होता. त्यांनीच निरोप धाडला की एकदा घेऊन या.

घर पाहून मला बरं वाटलं. चारी बाजूंनी चिऱ्याचा पक्का गडगा, आत सुपारीची झाडं, विहीर, थंडगार मातीची जमीन. काका अंगणात उभेच होते. बायो गाडीतून उतरली, बागेत एक फेरी मारून आली आणि विहिरीच्या ओल्या कठड्याला पाठ लावून बसली, जणू जागा तिला कोणी आधीच सांगून ठेवली होती.

काकींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. केळीच्या पानावर खतखतें, म्हणजे कंदमुळं आणि भाज्या एकत्र शिजवलेली, त्रिफळांच्या वासाची भाजी, वरणभात, तळलेली केळी. जेवताना काका पंगतीत बसूनही खिडकीतून बायोकडे बघत होते.

"भुंकत नाही म्हणता?" ते म्हणाले. "बरंच आहे. मला पोथी वाचताना शांतता लागते."

ताई हसली. हात मोडल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. निघताना तिनं बायोला जवळ घेतलं नाही. लांबूनच "येते हां" म्हणाली. गाडी वळेपर्यंत बायो काकांच्या पायाशी उभी होती, शेपटी हळूहळू हलत होती.

पुढचे दोन दिवस आम्ही ताईचं घर आवरलं. चाळीस वर्षांची भांडी, देव, दाजींचे कपडे. काय वास्कोला न्यायचं, काय वाटून टाकायचं. ताई कशावरच हट्ट करत नव्हती. बायोची सोय लागली या एका गोष्टीवर ती सगळं सोडायला तयार झाली होती. संदेश गाडी घेऊन येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी काकींचा फोन आला.

आम्ही गेलो तेव्हा काका घरात नव्हते. देवळात जाऊन बसले होते. काकी सोप्यावर होत्या, त्यांचे डोळे सुजलेले.

"ती काय करीना गो," त्या ताईला म्हणाल्या. "एक ताट सांडलं नाही, कोणाच्या अंगावर गेली नाही. हे तर जमिनीवर चटई घालून तिच्याजवळ निजले." मग मान खाली घालून म्हणाल्या, "पण आमची लेक बाळंतपणाला येता. तिनं फोटो बघितला. म्हणाली, एवढं मोठं जनावर घरात असेल तर मी येत नाही. एकच लेक आमची. आमकां जमना गो, नंदा. तिका व्हर. घेऊन जा तिला."

ताईनं काकींच्या पाठीवर हात ठेवला. रागावण्यासारखं कोणी नव्हतंच तिथे. मी व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि हाक मारायच्या आधीच बायो चालत आली, आत चढली आणि अंगाची घडी करून बसली. खाली उतरवून कोणाच्या तरी दारात सोडतात आणि पुन्हा न्यायला येतात, हे तिला आता समजलं होतं. तिचं ते निमूट चढणं पाहून मला दार लावायला जमेना. ते ताईनंच एका हातानं लावलं.

पुन्हा डिचोली

रस्त्यात मी संदेशला फोन लावला. त्यानं कोणाकोणाशी बोलून परत फोन केला. त्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, सोसायटीचा नकार. "मावशी, मला काय वाईट वाटत नाही असं तुला वाटतं?" तो म्हणाला. मला तसं वाटत नव्हतं. माझ्या घरात तर आजाऱ्याची खाट सोडून पाय ठेवायला जागा नाही. कोल्हापुरात मीही चार जणांना विचारून ठेवलं होतं. सगळ्यांनी फोटो बघून कौतुक केलं होतं.

बाणस्तारीच्या पुलापाशी मी गाडी बाजूला घेतली. खाली खाडीत भरतीचं पाणी चढत होतं. म्हटलं, "ताई, सांग. कुठे वळवू?"

तिनं मागे वळून बायोच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, "डिचोलीला."

परबांनी पहिल्या वेळचं काही काढलं नाही. एका बंद ट्रकाच्या सावलीत त्यांनी फावड्यानं दगडगोटे काढून जागा साफ केली, वर वाळू पसरली. साखळी आतून काढून आणली. ती छोटी होती. ताईनं ती हातात घेऊन पाहिली. परब परत आत गेले आणि दुसरी एक जोडून लांब करून आणली. गळ्यात चामड्याच्या पट्ट्याखाली घालायला ताईनं व्हॅनमध्ये बायोसाठी ठेवलेलं स्वतःचं जुनं सुती लुगडं फाडून घडी केली. एका हातानं जमेना, गाठ मी मारली.

मग ताई परबांना सांगत बसली. दुपारी ताक दिलेलं चालतं. माशाचे काटे देऊ नका. काठी दिसली की घाबरते, घाबरली की पाणी पीत नाही. वीज कडाडली तर जवळ नुसतं बसायचं. परब प्रत्येक गोष्टीला "होय" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "बाई, माजो कुत्रो म्हणान सांभाळतलंय. पण माज्याकडे असा ता ह्या इतक्याच."

आम्ही निघालो. बायो उठली आणि गाडीमागून चालत आली. साखळी ताणली तिथे थांबली. ओढ घेतली नाही, नुसती उभी राहिली. मी आरशात बघायचं टाळत होते, पण आवारातून गाडी बाहेर काढायला आरसा लागतोच.

कोल्हापूर

दुसऱ्या दिवशी ताई वास्कोला गेली, मी घरी आले. घाट चढताना रिकाम्या व्हॅनमध्ये मागे काहीतरी हलल्यासारखं वाटत राहिलं. चटईवर राखाडी केस चिकटलेले होते, ते मी झाडले.

पुढचं ताईनं फोनवर सांगितलेलं आहे. हाताचं प्लास्टर निघाल्यावर ती दर आठवड्याला डिचोलीला जायला लागली. वास्कोहून पणजी, पणजीहून दुसरी बस, पुढे चालत. पिशवीत उंडे आणि डबा. संदेश आधी नको म्हणाला, मग तिकिटाचे सुटे पैसे काढून ठेवू लागला. पहिल्या खेपेला बायोच्या कोपरांना चट्टे पडलेले दिसले. ताईनं पुढच्या वेळी गोधडी नेली. परबांनी ती ट्रकाखाली अंथरली. तिला अंगानं तशी बरी ठेवली होती, ताई म्हणायची; भांड्यात पाणी असायचं, माणूस बोलल्याप्रमाणे वागत होता. ताईला पाहिलं की बायो उभी राहून सगळं अंग हलवायची. तासभर ताई तिच्याजवळ मातीत बसायची आणि शेवटची बस चुकू नये म्हणून उठायची.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका खेपेला परब गेटापाशी उभे होते. त्यांनी ताईला आत येऊ दिलं नाही. तसं म्हणाले नाहीत, पण बाजूलाही झाले नाहीत.

"बाई, एक सांगूचा होता," ते म्हणाले. "राग मानू नकात. तुमी गेलास काय ती ह्या गेटाकडे तोंड करून बसता. दोन दीस, तीन दीस ताटाक तोंड लावणा नाय. मगे हळूहळू इसारता, माज्या हातचा खावक लागता. आणि तितक्यात तुमी परत येतास." गेटाची कडी धरून ते म्हणाले, "तुमी आता येव नकात."

ताईनं त्यांना विचारलं, ती आता कुठे आहे. ट्रकामागे निजली आहे, परब म्हणाले. इथून दिसत नव्हती. ताईनं पिशवी त्यांच्या हातात दिली, डबा परत द्यायची चिंता करू नका म्हणाली, आणि आली त्याच वाटेनं बसस्टॉपकडे गेली. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ती गेटाजवळ हळू बोलली होती, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

त्यानंतर ती गेलेली नाही. संदेशची मुलं सांभाळते, गॅलरीत तुळस लावली आहे. आमचं फोनवर सगळं बोलणं होतं, तिच्या हाताचं, यांच्या औषधांचं. एकदाच ती म्हणाली, "शालू, तिनं मला विसरावं म्हणून मी जात नाही. पण ती विसरली की नाही, हे मला कळणार कसं?"

मी म्हटलं, परबांना फोन करून विचारते. नंबर माझ्याकडे आहे. अजून मी विचारलेलं नाही.